रेकॉर्डिंगचा प्रोजेक्ट सांभाळायचा कसा: पहिल्या सेव्हपासून मिक्सिंगला पाठवेपर्यंत

गणपतीच्या गाण्यांची घाई सुरू झाली की माझ्याकडे मिक्सिंगसाठी (सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करण्यासाठी) येणाऱ्या पेन ड्राइव्हमध्ये एक प्रकार हमखास सापडतो. आत काही केबीची एकच प्रोजेक्ट फाइल असते, बाकी काही नाही. डोंबिवलीहून, विरारहून, कधी पनवेलहून लोकलच्या गर्दीतून माणूस आलेला असतो. फाइल उघडते, ट्रॅकांची नावं दिसतात, फेडर जागेवर दिसतात, पण आवाज मात्र येत नाही. गेल्या खेपेला एकतीस ट्रॅकांपैकी एकही वाजला नाही. सगळे आवाज घरच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर राहिले होते, घराला कुलूप होतं आणि घरचे गावी गेलेले. ती शिफ्ट वाया गेली आणि गाण्याची तारीख पुढे ढकलावी लागली.

चूक निष्काळजीपणाची नव्हती. प्रोजेक्ट फाइल म्हणजे गाणं, असा त्या मुलाचा प्रामाणिक समज होता. प्रत्यक्षात त्या फाइलमध्ये आवाज नसतो, पत्ते असतात: अमुक फोल्डरातली अमुक फाइल, इतक्या सेकंदांपासून इतक्या सेकंदांपर्यंत, इतक्या व्हॉल्यूमवर वाजव. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा, हे पत्ते ओळीओळीने वाचता येतात. आवाज वेगळ्या वेव्ह फाइलींत असतो. पत्ता आहे पण त्या पत्त्यावर कुणी राहत नाही, अशी अवस्था झाली की ट्रॅक मुका होतो. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्याचसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका, कारण निम्मी नुकसानं क्रम चुकल्यामुळे होतात.

१. रेकॉर्डिंगच्या आधी: जागा, सेव्ह आणि सॅम्पल रेट

एकही सूर रेकॉर्ड होण्याआधी प्रोजेक्ट सेव्ह करा. रीपरमध्ये सेव्ह न करता रेकॉर्ड केलंत तर आवाज सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या सामायिक फोल्डरात जातो आणि तिथे तुमच्या दहा गाण्यांची खिचडी होते. प्रो टूल्स आणि क्यूबेस ही सॉफ्टवेअर सुरुवातीलाच जागा विचारतात, पण अनेक जण समोर आलेल्या फोल्डरवर तसंच एंटर दाबतात. क्यूबेसमध्ये दोन गाण्यांचे प्रोजेक्ट एकाच फोल्डरात ठेवले तर दोघांचे आवाज एकाच ऑडिओ फोल्डरात जमा होतात. त्याचे परिणाम सातव्या पायरीवर दिसतील. म्हणून एका गाण्याला एकच फोल्डर, अल्बम असला तरी.

फोल्डरचं नाव रोमन लिपीत टाइप करा. देवनागरी नावं आजच्या कॉम्प्युटरवर चालतात, पण झिप करताना किंवा एखाद्या जुन्या प्लगइनमध्ये (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये) त्यांचे चौकोन होतात आणि फाइल सापडत नाही. नावाची सुरुवात वर्ष आणि महिन्याने करा, मग गाणं, मग गायक, म्हणजे यादी आपोआप तारखेनुसार लागते. सॉफ्टवेअर स्वतःचे फोल्डर करेल, त्यांच्या जोडीला तीन फोल्डर तुम्ही करा: आलेलं, पाठवलेलं, कागद. संगीत संयोजकाने पाठवलेला डेमो, कुणी मोबाइलवर गाऊन पाठवलेली चाल, हे ‘आलेलं’मध्ये. गाण्याचे शब्द, नोटेशन, वादकांची यादी हे ‘कागद’मध्ये.

हा फोल्डर डेस्कटॉपवर करू नका. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर आजकाल वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडशी जोडलेले असतात, बऱ्याचदा मालकाला न कळत. जागा कमी पडली की ती सेवा फाइल इंटरनेटवर ठेवते आणि कॉम्प्युटरवर फक्त तिचं नाव उरतं. नेट बंद असलं की ट्रॅक मुका. काम बाहेरून जोडायच्या एसएसडी ड्राइव्हवर करा आणि ती एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहिता-वाचता येईल. फॅट३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एनटीएफएसची ड्राइव्ह मॅक वाचतो, पण वेगळं सॉफ्टवेअर न घालता तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅटची एक नाजूक बाजू आहे: ‘इजेक्ट’ न करता वायर ओढली तर फाइली बिघडण्याची भीती जास्त.

आता सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते. सिनेमा, मालिका किंवा व्हिडिओसाठीचं काम ४८ किलोहर्ट्झवर चालतं. नुसतं ऐकायचं गाणं असेल तर ४४.१ चालेल. बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा ते, २४. काय ठेवायचं ते पहिल्या दिवशी ठरवा, लिहून ठेवा आणि मग बदलू नका. ४४.१ वर रेकॉर्ड झालेली फाइल रूपांतर न करता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये वाजली तर पाच मिनिटांचं गाणं चार मिनिटं छत्तीस सेकंदांत संपतं आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वराने चढते. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे लटकतो, आणि त्याच्यावर पेटी कुठल्याच पट्टीत जुळत नाही. काही सॉफ्टवेअर आपणहून जुळवून घेतात, काही विचारतात. विचारलं की वाचा आणि रूपांतराला होकार द्या.

जागेचा हिशोब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. पाच मिनिटांच्या गाण्याचे चोवीस ट्रॅक म्हणजे एक जीबीच्या थोडं वर. प्रत्येकाचे तीन-चार टेक, म्हणजे त्याच भागाची पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंग्ज, धरा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तपासणीला कामाला येतो.

तपासा: दहा सेकंद काहीही रेकॉर्ड करा, थांबा, आणि ती फाइल तुमच्या गाण्याच्या फोल्डरात खरोखर उतरली का हे डोळ्यांनी बघा. दिसली नाही तर पुढे जाऊ नका.

२. आधी ट्रॅकला नाव, मग लाल बटण

रेकॉर्ड होताना फाइलला ट्रॅकचं नाव मिळतं. ट्रॅक बिननावाचा असेल तर फोल्डरात ‘ऑडिओ ०१’, ‘ऑडिओ ०१-१४’ अशा शंभर फाइली साचतात आणि पत्ता हरवला की कुठली फाइल टाळांची आणि कुठली कोरसची, हे एकेक ऐकून शोधावं लागतं. नंतर ट्रॅकचं नाव बदललं तरी आधीच तयार झालेल्या फाइलीचं नाव तेच राहतं.

तबला आणि डग्गा यांचे माइक वेगळे असतील तर नावंही वेगळी. कोरस-१ ते कोरस-४. नुसत्या आधारासाठी गायलेल्या आवाजाला ‘गाईड’ म्हणा. हे मी कळकळीने सांगते, कारण गाईडचा आवाज खरा समजून मिक्समध्ये गेलेला मी ऐकला आहे. नावात तिरकी रेघ, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, चांदणी यांपैकी काही नको. विंडोज ही चिन्हं स्वीकारत नाही, आणि मॅकवर ठेवलेलं नाव तिकडे गेल्यावर अडतं.

सावधान: रेकॉर्ड झालेल्या फाइलीचं नाव विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये किंवा मॅकच्या फाइंडरमध्ये जाऊन बदलू नका, तिची जागाही हलवू नका. पत्ता तुटतो. बदलायचंच असेल तर सॉफ्टवेअरच्या आतून बदला.

३. काम चालू असताना

‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात आणू नका. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरं’ यांतलं नवं कुठलं हे दोन महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. ०१, ०२, ०३ असे आकडे द्या. रोज काम सुरू करताना आणि मोठा बदल करण्याआधी ‘सेव्ह ॲज’ करून पुढचा आकडा द्या: कडवं कापताना, टेम्पो बदलताना, गाणं दुसऱ्या पट्टीत नेताना. ही नवी प्रोजेक्ट फाइल त्याच फोल्डरात, जुनीच्या शेजारी ठेवा. दोघी त्याच आवाजांकडे बोट दाखवतात, त्यामुळे जागा जवळजवळ लागत नाही.

‘सेव्ह ॲज’ दुसऱ्या फोल्डरात केलंत तर मात्र सगळ्यात जास्त वेळा घडणारा अपघात इथेच सुरू होतो. नवी फाइल नव्या जागी जाते, आवाज जुन्या जागीच राहतात, आणि सगळं नीट वाजत असल्यामुळे शंका येत नाही. महिन्याने ‘जुनं’ म्हणून पहिला फोल्डर उडवला जातो आणि दोन्ही आवृत्त्या एकदम मुक्या होतात.

आपोआप सेव्ह चालू ठेवा. प्रो टूल्स मूळ सेटिंगमध्ये दर पाच मिनिटांनी प्रत ठेवतं आणि शेवटच्या दहा सांभाळतं. एबलटनचा बॅकअप फोल्डरही शेवटच्या दहा आवृत्त्या ठेवतो. रीपरमध्ये आधीची फाइल वेगळ्या नावाने जपण्याची सोय प्रेफरन्सेसमध्ये आहे, ती चालू आहे ना ते बघा. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा या प्रतींनी अनेकांचं काम वाचलं असणार. तरी एक समज पक्का करा: या प्रती पत्त्यांच्या यादीच्या आहेत. वेव्ह फाइल गेली तर शंभर बॅकअप असून आवाज परत येत नाही. यूपीएस घ्याच. वसई, बदलापूर, कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

४. गोळा करणं

फोल्डर कुठेही पाठवण्याआधी ही पायरी, आणि ही गाळली जाते म्हणून हा लेख.

तुम्ही कितीही शिस्तीने काम केलंत तरी काही आवाज बाहेरून येतात. संयोजकाने पाठवलेला लूप डाउनलोड्समधून थेट टाइमलाइनवर ओढलेला असतो. पेन ड्राइव्हवरून आणलेली बासरी पेन ड्राइव्हवरूनच वाजत असते. हे सगळं एका जागी आणण्याची आज्ञा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिचं नाव तेवढं वेगळं:

- रीपर: ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीत ‘कॉपी ऑल मीडिया इंटू प्रोजेक्ट डिरेक्टरी’ या चौकटीवर खूण.
- प्रो टूल्स: ‘सेव्ह कॉपी इन’, आणि त्यातल्या ‘ऑडिओ फाइल्स’वर खूण. खूण केली नाही तर फक्त सेशन फाइलची (प्रोजेक्ट फाइलला प्रो टूल्समध्ये सेशन म्हणतात) कॉपी होते.
- क्यूबेस: ‘बॅकअप प्रोजेक्ट’, रिकाम्या नव्या फोल्डरात.
- लॉजिक: प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधलं ‘कन्सॉलिडेट’.
- एबलटन: ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’.
- एफएल स्टुडिओ: एक्स्पोर्टमधलं ‘झिप्ड लूप पॅकेज’.

या आज्ञा आवाज गोळा करतात, प्लगइन गोळा करत नाहीत. तानपुऱ्याचं प्लगइन, स्वरमंडळाची सॅम्पल लायब्ररी, आवाज घुमवणारा विकत घेतलेला रिव्हर्ब यांतलं काही समोरच्याकडे नसेल तर तो ट्रॅक उघडणार नाही. मिडी ट्रॅकमध्ये तर आवाज मुळात नसतोच, कुठली पट्टी कधी दाबली एवढंच असतं. गायकाचा सूर सुधारणारी काही प्लगइनं आवाजाची स्वतःची प्रत वेगळ्याच फोल्डरात ठेवतात, ती गोळा होईलच असं नाही. म्हणून असा प्रत्येक ट्रॅक आधी ‘प्रिंट’ करा, म्हणजे प्लगइनसकट नव्या ऑडिओ ट्रॅकवर उतरवून घ्या. मूळ ट्रॅक म्यूट करून लपवा, उडवू नका. सूर सुधारलेला आवाज प्रिंट करताना न सुधारलेलाही शेजारी ठेवा. मिक्सिंग करणाऱ्याला एखाद्या हरकतीवर मूळ गळा हवासा वाटतो, आणि तेव्हा तो हाताशी असला की गाण्याचं भलं होतं.

सावधान: क्रम असा: प्रिंट, मग गोळा, मग झिप. आधी झिप केलेलं सेशन बहुतेक वेळा अर्धंच असतं.

५. मूळ फोल्डर लपवून परीक्षा

‘मी कॉपी उघडून बघितली, सगळं वाजत होतं,’ असं मला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरं असतं. त्याच कॉम्प्युटरवर कॉपी उघडली की सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यांवर जातं, आवाज तिथे अजून असतातच, म्हणून सगळं वाजतं. कॉपीत ते आहेत की नाहीत हे या परीक्षेत कळतच नाही.

म्हणून आधी मूळ फोल्डरच्या नावापुढे काहीतरी जोडून त्याचा पत्ता मुद्दाम बदला, किंवा तो बाहेरच्या ड्राइव्हवर असेल तर ती ड्राइव्ह इजेक्ट करून काढून ठेवा. आवाज आणलेला पेन ड्राइव्हही काढा. डाउनलोड्सचं नाव बदलता येत नसेल तर त्यातल्या गाण्याच्या फाइली तात्पुरत्या दुसऱ्या फोल्डरात ठेवा. मग कॉपी उघडा. फाइल सापडत नाही असा निरोप आला तर ‘स्किप’ दाबून पुढे जाऊ नका. नावं लिहून घ्या, सगळं मूळ जागी ठेवा आणि चौथी पायरी पुन्हा करा.

निरोप आला नाही तरी प्रत्येक ट्रॅक सोलो करून, म्हणजे एकटा वाजवून, सुरुवात, मध्य आणि शेवट ऐका. क्यूबेसच्या पूलमध्ये, म्हणजे फाइलींच्या यादीत, प्रत्येक फाइलचा पत्ता दिसतो, प्रो टूल्सच्या क्लिप लिस्टमध्येही पूर्ण पत्ता दाखवण्याची सोय आहे. एखादा पत्ता वेगळ्या फोल्डरचा दिसला तर तोच तुमचा हरवणारा ट्रॅक.

तपासा: फोल्डरचा आकार बघा. चोवीस ट्रॅकांचं पाच मिनिटांचं गाणं आणि फोल्डर ८० एमबीचा, तर हिशोब जुळत नाही. संपूर्ण परीक्षेला वीस मिनिटं लागतात.

परीक्षा झाली की मूळ फोल्डरचं नाव पूर्ववत करा. हे विसरलात तर तुमचाच प्रोजेक्ट उद्या उघडणार नाही.

६. दुसऱ्याकडे पाठवणं

समोरच्याकडे तेच सॉफ्टवेअर असेल तर पाचव्या पायरीत तपासलेला फोल्डर झिप करून पाठवा. वेगळं असेल तर प्रोजेक्ट फाइलचा उपयोग नाही. प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल काढून द्यावी लागते. इथे सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून, गाण्याच्या शून्यापासून सुरू झाल्या पाहिजेत. कोरस तिसऱ्या कडव्यात येत असला तरी त्याच्या फाइलमध्ये आधीची शांतता असू द्या. तसं नसेल तर समोरच्याला प्रत्येक तुकडा कानाने जागेवर बसवावा लागतो, आणि टाळांसारखं वाद्य जरासं सरकलं तरी ठेका लंगडतो.

मोनो रेकॉर्ड झालेलं मोनोच काढा. सॅम्पल रेट आणि बिट डेप्थ प्रोजेक्टची. नॉर्मलाइज (आवाज आपोआप मोठा करणं) बंद, मास्टरवरचा, म्हणजे एकत्र आवाजावरचा, लिमिटर (आवाजाला वरची मर्यादा घालणारं प्लगइन) बंद. एखादा इफेक्ट गाण्याचाच भाग असेल, समजा हाकेचा घुमणारा प्रतिध्वनी, तर कोरडी (इफेक्टशिवायची) आणि ओली (इफेक्टसकट) अशा दोन्ही फाइली द्या. ‘स्टेम्स पाठवा’ असं कुणी म्हटलं तर विचारून घ्या. स्टेम्स म्हणजे गट: सगळी तालवाद्यं एका फाइलमध्ये, सगळा कोरस एका फाइलमध्ये. पण बहुतेक जण स्टेम्स म्हणतात तेव्हा त्यांना सुटे ट्रॅक हवे असतात.

सोबत रफ मिक्स, म्हणजे तुम्ही केलेलं कच्चं मिक्स, द्या. एक साधी टेक्स्ट फाइलही द्या: टेम्पो, ताल, पट्टी, सॅम्पल रेट, टेम्पो कुठे बदलतो, क्लिकशिवाय (टेम्पोच्या टिकटिकीशिवाय) गायलेला भाग कुठला. गाण्याचे शब्द देवनागरीत द्या. मिक्सिंग करणाऱ्याला शब्द कळले की कुठला उच्चार उजळ हवा हे त्याला कळतं.

व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलेली फाइल आकार कमी करण्यासाठी दाबली जाऊ शकते. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. गूगल ड्राइव्हची फुकट जागा १५ जीबी आहे, ती जीमेल आणि फोटोंसकट. ड्राइव्हवर नुसता फोल्डर चढवला तर मोठा असल्यास डाउनलोड होताना त्याच्या अनेक झिप होतात आणि एखादी राहून जाते. एकच झिप आपण करून चढवा, परवानगी उघडी आहे का ते दुसऱ्या खात्यातून बघा, आणि निरोपात झिपचा आकार व ट्रॅकांची संख्या लिहा. समोरच्याने दोन आकडे जुळवले की हरवलेलं तिथल्या तिथे कळतं.

७. साफसफाई, सगळ्यात शेवटी

गाणं प्रसिद्ध होईपर्यंत साफसफाई करूच नका. त्यानंतरही आधी पूर्ण फोल्डरची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर, मग हात लावा.

न वापरलेल्या फाइली काढण्याची आज्ञा एवढंच बघते की या प्रोजेक्टमध्ये काय वापरलं आहे. एका फोल्डरात दोन गाणी असतील तर दुसऱ्या गाण्याचे सगळे आवाज तिला निरुपयोगी वाटतात. रीपरचं ‘क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी’ चालवून लोकांनी अशीच आख्खी गाणी गमावली आहेत. पहिल्या पायरीतला ‘एका गाण्याला एक फोल्डर’ हा आग्रह त्यासाठीच. जुन्या आवृत्तीत वापरलेला पण नव्या आवृत्तीत नसलेला टेकही असाच जातो. प्रो टूल्समध्ये ‘रिमूव्ह’ आणि ‘डिलीट’ शेजारी शेजारी असतात: पहिल्याने क्लिप सेशनच्या यादीतून निघते, दुसऱ्याने फाइल डिस्कवरून कायमची जाते आणि अनडू चालत नाही.

माझं मत विचाराल तर गळ्याचे टेक काढूच नका. चुकलेले क्लिक ट्रॅक, रिकामी रेकॉर्डिंग्ज, जुनी बाउन्स (एकत्र उतरवलेल्या गाण्याच्या जुन्या फाइली) एवढंच उडवा.

८. ठेवणं

तीन प्रती: एक कामाची ड्राइव्ह, एक घरातली दुसरी ड्राइव्ह, एक घराबाहेर. एकाच ड्राइव्हच्या दोन फोल्डरांतल्या प्रती म्हणजे एकच प्रत. तळमजल्याच्या एकाच खोलीतल्या दोन ड्राइव्हही मी एकच धरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि पाणी घरात शिरलं की दोन्ही ड्राइव्ह एकत्र भिजतात. घराबाहेरची प्रत दुसऱ्या उपनगरातल्या नातेवाइकाकडे वरच्या मजल्यावर ठेवा, किंवा क्लाउडवर झिप करून. काम चालू असलेला फोल्डर सिंकला जोडू नका, पूर्ण झालेला झिपच चढवा.

कपाटातली ड्राइव्ह पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर चिठ्ठी लावा: ड्राइव्हचा नंबर, आतली गाणी, शेवटची तपासणी. दिवाळीत आणि गुढीपाडव्याला प्रत्येक ड्राइव्ह जोडा, कुठलंही एक गाणं उघडा, एक कडवं ऐका आणि चिठ्ठीवर नवी तारीख लिहा.